जाळं काढलंय, आता ते वाचू कसं? (मातीतले जिवाणू आणि नेटवर्क)

गिरमिट

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

एमेस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कृषी सूक्ष्मजीवशास्त्र. प्रोजेक्टसाठी उसाच्या एका रानातून सहा आणि त्याच रानाच्या बांधावरून सहा असे मातीचे बारा नमुने घेतले. वाफसा आल्यावर गिरमिटाने पंधरा सेंटिमीटरपर्यंतची माती काढली, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळली आणि थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून एसटीने आणली. कंडक्टरने दोनदा विचारलं, मासळी आहे का म्हणून. डीएनए काढून सिक्वेन्सिंगला (कुठले जिवाणू आहेत ते डीएनएवरून वाचायला) बाहेर पाठवला आणि दोन महिन्यांनी हातात एक तक्ता आला. ओळींत जिवाणूंचे प्रकार, रकान्यांत नमुने, चौकटींत आकडे.

अगदी विरळ प्रकार गाळून पाचशे ठेवले. प्रत्येक जोडीचा स्पिअरमन सहसंबंध (चढउतार किती जुळतात याचा उणे एक ते एक असा आकडा) काढला आणि ०.६ च्या वर किंवा उणे ०.६ च्या खाली गेला तिथे रेषा मारली. साडेनऊ हजारांच्या आसपास रेषा निघाल्या. गेफी या जाळी काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर जे दिसतं ते रविवारी दुपारच्या केशकर्तनालयाच्या फरशीसारखं आहे.

सर खूश आहेत. तीन आठवड्यांनी सादरीकरण. माझे प्रश्न:

सगळ्यात जास्त रेषा ज्या जिवाणूला, तो कळीचा जिवाणू, म्हणजे ज्याच्यावर बाकीचे टिकून आहेत तो, असं लिहू का? अधिक चिन्हाची रेषा म्हणजे सहकार्य आणि उणे म्हणजे स्पर्धा, हे बरोबर ना? आणि बांधावरचे जिवाणू एकमेकांना जास्त धरून आहेत, असं म्हणता येईल का?

---

पळसपान

गिरमिट, स्वागत. तिन्ही प्रश्नांचं उत्तर "नाही" आहे. पण रागावू नकोस, मीही पहिल्या वर्षी तिन्ही वाक्यं लिहिली होती.

बाकीच्यांना कळावं म्हणून जरा मागून सुरू करते. ग्रॅमभर मातीत अब्जाच्या घरात जिवाणू आणि हजारो प्रकार. पूर्वी यादी करून थांबावं लागे: अमुक प्रकार इतके टक्के, तमुक इतके. नेटवर्क पद्धत त्या यादीला वेगळा प्रश्न विचारते. हा वाढतो तिथे तोही वाढतो का? प्रत्येक प्रकार एक बिंदू, आणि अनेक नमुन्यांत ज्यांचे चढउतार जुळतात त्यांच्यात रेषा. बस, रेषेचा अर्थ एवढाच.

आता कल्याणच्या फलाटावर उभी राहा. ७.१० ची लोकल पकडणारे दोघे रोज तिथे दिसतात. महिनाभर फोटो काढून सहसंबंध मांडलास तर जवळपास एक येईल. ते मित्र असतील, एकाने दुसऱ्याचे पैसे बुडवलेले असतील, किंवा एकमेकांचं नावही माहीत नसेल. फोटोत तिन्ही प्रकार सारखेच दिसतात. दोघांना ७.१० हवी आहे, एवढंच फोटो सांगतो.

मातीतली ७.१० म्हणजे सामू (पीएच), ओल, सेंद्रिय कर्ब, मुळं. त्यातही सामूचा दरारा मोठा. फिअरर आणि जॅक्सन यांनी २००६ मध्ये उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतले ९८ नमुने तपासले. जिवाणूंची विविधता कशावरून सर्वांत चांगली ओळखता येते, तर तापमान नव्हे, पाऊस नव्हे, सामू. म्हणजे रत्नागिरीची आंबट जांभा माती आणि नगरची चुनखडीची काळी माती एकाच जाळ्यात टाकलीस, तर आम्ल आवडणारे एका गोळ्यात आणि अल्क आवडणारे दुसऱ्या गोळ्यात जातील. चित्र देखणं येईल. ते सामूचं चित्र असेल.

आणि हो, तुझा ०.६ कुठून आला?

---

गिरमिट

लॅबमधल्या सीनियरच्या कोडमध्ये होता. त्याच्याकडे कुठून आला, विचारलं नाही :(

धन्यवाद पळसपानताई. फलाटाचं उदाहरण सरांना सांगणार. फक्त मी "उभा राहा" आहे.

---

पळसपान

अरे, माफ कर!

०.६ ची वंशावळ बहुतेक २०१२ च्या एका लेखापर्यंत जाते. आयएसएमई जर्नलमध्ये बार्बेरान, बेट्स, कासामायोर आणि फिअरर यांनी मातीसाठी हे नेटवर्क वापरून दाखवलं आणि पुढे सगळ्यांनी ते गिरवलं. त्यांनी ०.६ च्या वरचा स्पिअरमन आणि ०.०१ च्या खालचा पी (नुसत्या नशिबाने असं येण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी) असा उंबरठा घेतला होता. पण त्यांच्याकडे वाळवंटापासून जंगलापर्यंतचे १५१ नमुने होते. तुझ्याकडे बारा. चाळणी तीच आणलीस, धान्य वेगळं आहे.

त्या लेखाचंही सगळं सोनं नाही. तेव्हाचं तंत्रज्ञान जुनं, १५१ नमुन्यांत मिळून १,६०,००० च्या थोड्या वर सिक्वेन्स, म्हणजे नमुन्यामागे जेमतेम हजार. पण मांडणी प्रामाणिक होती: सगळीकडे आढळणारे आणि ठरावीक ठिकाणीच आढळणारे असे गट वेगळे केले, आणि जुळण्या निव्वळ योगायोगाने येतील त्याहून वेगळ्या आहेत हे दाखवलं. "हे एकमेकांना मदत करतात" असं छातीठोकपणे म्हटलं नाही. ते नंतरच्यांनी म्हटलं.

---

खोडवा

मी शेतकरी माणूस, सातवीनंतर शाळा सोडली ती सोडली. पण धागा रंगतदार आहे म्हणून विचारतो. बांध आणि रान वेगळं असतं हे सांगायला एवढा खटाटोप कशाला? बांधाला नांगर लागत नाही, युरिया पडत नाही, गवताची मुळं बारा महिने जागची हलत नाहीत. रानात पाटपाणी, पाचट, खत. जिवाणूच काय, मुंग्या पण वेगळ्या.

---

आकडेमोड

खोडवाकाकांनी एका परिच्छेदात अर्धं परीक्षण करून टाकलं. उरलेलं अर्धं मी करते. पेशाने संख्याशास्त्राची मास्तरीण, मातीतलं ओ की ठो कळत नाही.

पहिला हिशेब. ५०० प्रकारांच्या जोड्या किती? ५०० गुणिले ४९९ भागिले २, म्हणजे १,२४,७५०. बारा नमुन्यांत ०.६ चा सहसंबंध निव्वळ नशिबाने, अधिक-उणे दोन्ही धरून, शंभरात सुमारे चार जोड्यांत येतो. सव्वा लाखाचे चार टक्के म्हणजे पाच हजारांच्या आतबाहेर. तुमच्या साडेनऊ हजार रेषांतल्या पाचेक हजार फासे टाकूनही आल्या असत्या. उलट १५१ नमुने असतील तर ०.२१ लाच पी ०.०१ वर येतो. तिथे ०.६ म्हणजे फारच कडक अट.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक जिवाणूचे बारा आकडे आपापल्या ओळीत पत्त्यांसारखे पिसा, पुन्हा तोच कोड चालवा आणि रेषा मोजा.

दुसरा हिशेब चिवड्याचा. डब्यात पोहे ५० चमचे, दाणे ३०, डाळं २०. आईने वरून आणखी १०० चमचे पोहे ओतले. दाणे कुणी काढले नाहीत, डाळं कुणी खाल्लं नाही. आता टक्केवारी काढा: पोहे ७५, दाणे १५, डाळं १०. दाणे आणि डाळं दोन्ही बरोबर निम्मे! दोन्ही डब्यांची तुलना करणारा म्हणेल, दाणे आणि डाळ्याची गट्टी आहे आणि दोघांचं पोह्यांशी वैर आहे. प्रत्यक्षात काय झालं, तर आईने पोहे ओतले.

सिक्वेन्सिंगचं यंत्र प्रत्येक डब्यातून ठरावीक मूठच उचलतं. डबा केवढा होता हे ते सांगत नाही, त्यामुळे तुमच्या तक्त्यातले आकडे हे टक्केच आहेत. गुणोत्तरांत असे खोटे सहसंबंध उगवतात हा इशारा संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने १८९७ मध्ये देऊन ठेवलाय. तोडगे आहेत. आकड्यांऐवजी त्यांच्या गुणोत्तरांचे लॉग घेऊन काम करायचं, ही एचिसन या संख्याशास्त्रज्ञाची वाट. त्यावर बेतलेलं स्पार्क-सीसी हे सॉफ्टवेअर २०१२ मध्ये आलं. २०१५ मध्ये स्पीक-ईझी आलं, ते आणखी एक पाऊल पुढे जातं: बाकी सगळ्यांचा हात बाजूला काढल्यावरही या दोघांत काही उरतं का, हे विचारतं. पण खोडवाकाकांचा बांध-रान फरक तक्त्यात नसेल तर तेही फसणारच. आणि बारा नमुन्यांवर कुठलंच यंत्र जादू करत नाही.

तिसरं, हे आत्ताच करा. जे बांधावर जास्त ते बिंदू हिरवे, जे उसात जास्त ते तपकिरी. मग चित्राकडे बघा.

---

चकवा

पण झाडं मुळांतल्या बुरशीतून एकमेकांना अन्न पाठवतात, निरोप देतात, ते खरं ना? त्यावर तर व्हॉट्सॲपवर रोज येतं. हेच ते नेटवर्क का?

---

पळसपान

चकवा, नाही. नाव सारखं म्हणून घोटाळा होतो.

ते जाळं खरोखरच्या धाग्यांचं आहे, बुरशीच्या तंतूंचं. सुझान सिमार्ड यांनी १९९७ मध्ये ब्रिटिश कोलंबियात भूर्ज आणि डग्लस फर या झाडांना वेगवेगळ्या खुणेचा कार्बन देऊन तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे नेचरमध्ये मांडलं. तो कार्बन तंतूंतूनच किती जातो आणि नुसत्या मातीतून किती, यावर वाद आहे. २०२३ मध्ये कार्स्ट, जोन्स आणि होएक्सेमा यांनी सगळा पुरावा पुन्हा चाळला आणि म्हटलं की लोकप्रिय दाव्यांना जंगलातल्या प्रयोगांचा आधार तोकडा आहे. झाडं निरोप पाठवतात वगैरे तर फारच पुढचं.

गिरमिटचं जाळं संगणकात आहे. मातीत त्यातला एकही धागा नाही.

---

गिरमिट

मंडळी, रंग दिले.

दोन गोळे. एक हिरवा, एक तपकिरी. गोळ्याच्या आत सगळ्या अधिक रेषा, एका गोळ्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या जवळपास सगळ्या उणे. म्हणजे बांध वेगळा, रान वेगळं. जे खोडवाकाकांनी गिरमिट न लावता सांगितलं, ते मी साडेनऊ हजार रेषांत सांगत होतो.

आकडे पिसूनही पाहिलं. दहा वेळा चालवलं, दर वेळी पाच हजारांच्या मागेपुढे रेषा. आणि पिसलेल्या जाळ्यातही कुणीतरी "सगळ्यात जास्त रेषावाला" असतोच! दर वेळी वेगळा. माझ्या कळीच्या जिवाणूचं नाव सादरीकरणात तिसऱ्या स्लाइडवर ठळक टाकलेलं आहे. आता कसं करू.

---

जुना खेळाडू

मी मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आमच्या वेळी अगरच्या बशीवर वसाहती मोजायचो, आणि मातीतले बहुतेक जिवाणू बशीवर वाढतच नाहीत हे माहीत असूनही मोजायचो. त्यामुळे नव्या पिढीला हसायचा मला अधिकार नाही. तरी दोन गोष्टी बोलतो.

"कळीची जात" हा शब्द कुणाचा? रॉबर्ट पेन. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरच्या खडकांवरून तो समुद्रतारे उपटून समुद्रात फेकत राहिला आणि बघत राहिला. तारे गेले तसे शिंपले माजले आणि बाकीच्या जातींची जागा खाल्ली. १९६६ मध्ये त्याने ते छापलं, १९६९ मध्ये हा शब्द दिला. यातलं महत्त्वाचं क्रियापद आहे "उपटणे". काहीतरी काढून बघितल्याशिवाय कळीचं काय हे कळत नाही. तुम्ही लोक काहीच काढत नाही. ज्याला रेषा जास्त त्याच्या गळ्यात हार घालता. लग्नात सर्वांत जास्त फोटोत जो दिसतो तो नवरदेव नसतो, फोटोग्राफरचा मेहुणा असतो.

दुसरी गोष्ट. डीएनए काढायला तुम्ही पाव ग्रॅम माती घेता. जिवाणू एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्याच्या मापाने तुमचा पाव ग्रॅम म्हणजे अख्खा जिल्हा. रेनॉ आणि नुनान यांनी २०१४ मध्ये हिशेब केला होता: वीस मायक्रॉनच्या टप्प्यात एका जिवाणूला सरासरी १२० शेजारी. कोट्यवधींच्या गर्दीत बोलण्याच्या अंतरावर एवढेच. जिल्ह्याच्या जनगणनेवरून शेजाऱ्यांची भांडणं कशी कळणार?

---

पळसपान

सर, मेहुण्याला दंडवत.

तुमच्या यादीत आणखी एक भर घालते. त्या पाव ग्रॅममधले सगळे जिवंतही नसतात. २०१६ मध्ये कारिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मातीत सापडणाऱ्या जिवाणू-बुरशीच्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के मेलेल्या किंवा फुटलेल्या पेशींचा असू शकतो. म्हणजे जनगणनेत स्वर्गवासीही मोजलेत.

पण सगळंच मोडीत काढू नका. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या लोकांनी पडीक टाकलेल्या शेतांवर एक काम केलं. पूर्वीची शेती, मग नांगर थांबवून निसर्गाच्या हवाली केलेली. काही शेतं नुकती सोडलेली, काही मधल्या काळातली, काही फार पूर्वीची. जिवाणू, बुरशी, सूत्रकृमी, माइट, गांडुळं असे सगळे गट मोजले आणि गटागटांतली जाळी काढली. शेत सोडल्यावर जसा काळ जातो तसं जाळं घट्ट होत गेलं. इथपर्यंत तुमचे सगळे आक्षेप लागू.

पुढचं बघा. त्यांनी त्या मातीतल्या झाडांना खुणेचा कार्बन दिला, कार्बन-१३, आणि तो मुळांतून खाली कुणाच्या पोटात जातो ते मोजलं. जुन्या सोडलेल्या शेतांत बुरशी जास्त कार्बन घेत होती. बुरशीचं वजन मात्र वाढलेलं नव्हतं! तेवढ्याच बुरशीने जास्त काम केलं. यादीत हे दिसलं नसतं, वजनकाट्यावर दिसलं नसतं. जाळ्याने इशारा दिला आणि कार्बनने साक्ष दिली. जाळं एकटं साक्षीदार म्हणून उभं करू नये हे मान्य. पण तपास कुठे करायचा ते सांगणारा खबऱ्या म्हणून वाईट नाही.

---

जुना खेळाडू

खबऱ्या हा शब्द मान्य. मात्र "जाळं घट्ट म्हणजे माती चांगली" हे जे हल्ली सर्रास छापून येतं ते मान्य नाही. रॉबर्ट मे याने १९७२ मध्येच गणिताने दाखवलं होतं की यादृच्छिकपणे जोडलेल्या व्यवस्थेत जोडण्या वाढल्या की ती डगमगायला लागते. घट्ट गाठ सुटतही नाही आणि ओढली तर सगळंच ओढलं जातं.

---

पळसपान

अर्धं पटलं. २०१८ मध्ये फ्रान्सिस्का डी व्रीस यांच्या गटाने गवताळ मातीवर दुष्काळ लादून पाहिला. जिवाणूंचं जाळं बुरशीच्या जाळ्याहून कमी स्थिर निघालं. म्हणजे कुणाचं जाळं हेही बघावं लागतं, नुसतं किती घट्ट ते नाही. पण मे यांच्या गणितातल्या जोडण्या खऱ्या परिणामांच्या होत्या, आपल्या रेषा नुसत्या सहवासाच्या. दोन्ही एका तागडीत तोलता येणार नाहीत, सर.

---

खोडवा

तुमचं भांडण चालू द्या. मला एक सांगा. मी तीन वर्षं एका तुकड्यावर शेण-गोमूत्राचं जीवामृत देतोय, शेजारच्यावर नाही. जाळं काढलं तर फरक कळेल का? आणि कळला तर उसाचं टनेज वाढेल का?

---

पळसपान

काका, पहिल्याचं उत्तर: फरक दिसेल, बहुधा. स्वित्झर्लंडमध्ये गव्हाच्या साठ शेतांत असं केलंय, २०१९ चा लेख. वीस नेहमीची रासायनिक, वीस बिननांगरट, वीस सेंद्रिय. गव्हाच्या मुळांतल्या बुरशीचं जाळं सेंद्रिय शेतांत सर्वांत गुंतागुंतीचं आलं, आणि मुळांशी भागीदारी करणाऱ्या मायकोरायझा बुरशीही तिथे जास्त होत्या. पण ती साठ शेतं होती, एका शेताचे साठ नमुने नव्हेत. तुमचे दोन तुकडे म्हणजे दोनच आकडे. फरक जीवामृताचा की एका तुकड्यात पाणी साचतं त्याचा, हे दोनावरून सांगता येणार नाही.

दुसऱ्याचं उत्तर: जाळ्यावरून टनेज सांगणारा भेटला तर त्याला पैसे देऊ नका.

---

खोडवा

आला होता एक! माती दिली की जिवाणूंचा रंगीत नकाशा देतो म्हणाला, वर पाच लिटरचा कॅन घ्यायचा. नकाशा खरंच छान होता. गोठ्याच्या भिंतीला लावलाय.

---

आकडेमोड

काका, त्याचा फोटो टाका ना :)

गिरमिट, गप्प का झालात? पिसलेल्या जाळ्यांपुढे जे टिकत नाही ते काढल्यावर काही उरलं का?

---

गिरमिट

उरलं, फार थोडं. बांध आणि ऊस वेगळे केले, आकड्यांचे लॉग-गुणोत्तर घेतले. सहा-सहा नमुन्यांत तर काहीच सांगता येत नाही, ते सोडून दिलं. मग बारा एकत्र ठेवून बांध-रान फरक आधी वजा केला आणि उरलेल्यात बघितलं. इतक्या जोड्या तपासल्या की काही नशिबानेच जुळतात, त्याची शिक्षा धरून हिशेब केला की मोजक्या रेषा राहतात. त्यातली एक लक्षात राहिली: नायट्रोसोस्पायरा आणि नायट्रोस्पायरा.

---

जुना खेळाडू

थांबा. ही रेषा मला मान्य आहे!

खोडवा, तुमच्यासाठी सांगतो. युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो. पहिला जिवाणू अमोनिया खाऊन नायट्राइट टाकतो. दुसरा ते नायट्राइट खाऊन नायट्रेट करतो, ते ऊस पितो. पहिल्याचा उकिरडा ते दुसऱ्याचं ताट. हे दोघे एकत्र दिसले तर त्यामागे कारण आहे, आणि ते कारण विनोग्राडस्कीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच दाखवलंय. मी तीस वर्षं फळ्यावर काढलेली रेषा पोराच्या संगणकातून बाहेर आली, जरा बरं वाटलं.

---

पळसपान

सर, तुमचा आनंद हिरावत नाही, पण २०१५ मध्ये असे नायट्रोस्पायरा सापडले जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंत दोन्ही कामं एकटेच करतात. तेव्हा गिरमिटचा नायट्रोस्पायरा शेजाऱ्याच्या ताटावर आहे की स्वतःची चूल मांडून आहे, हे या तक्त्यावरून कळणार नाही. दोघांना नुसता युरिया आवडतो म्हणूनही एकत्र दिसतील. पुन्हा ७.१०.

पण ही रेषा तपासता येते. पेनच्या पद्धतीने! पहिल्याला अडवायचं आणि दुसऱ्याचं काय होतं ते बघायचं. प्रयोगशाळेत ॲसिटिलीनने अडवतात.

---

खोडवा

निंबोळीने पण अडतो ना? पोत्यावर नीम कोटेड लिहिलेलं असतं. कृषी सहायक म्हणाला होता की युरिया सावकाश विरघळतो, नत्र वाया जात नाही.

---

जुना खेळाडू

शाबास! सावकाश विरघळण्यापेक्षा, निंबोळीतले घटक पहिल्या पायरीच्या जिवाणूंना दाबतात, हे जास्त महत्त्वाचं. २०१५ पासून देशात तयार होणारा सगळाच युरिया नीम कोटेड करायची सक्ती आहे. म्हणजे कळीचा कोण हे तपासायचं औजार तुमच्या शेडमध्ये पोत्यात पडलंय.

---

गिरमिट

मंडळी, काल सरांकडे जाऊन आलो. पोटात गोळा होता. आधी रंगवलेलं चित्र दाखवलं, मग आपलं बिनरंगाचं चित्र पिसलेल्या दहा जाळ्यांच्या चित्रांत मिसळलं आणि विचारलं, यातलं आपलं कुठलं ओळखा. सरांना ओळखता आलं नाही. थोडा वेळ शांत होते. मग म्हणाले, तिसरी स्लाइड काढ.

जाळं राहील, पण शीर्षक बदललं. "परस्परसंबंध" काढून "सहआढळ" केलं. मुख्य निकाल म्हणून बांध आणि उसाच्या मातीतला साधा फरक देतोय, सोबत सामू आणि सेंद्रिय कर्बाचे आकडे. सेंद्रिय कर्ब मोजलेला होता, तक्त्यात कधी जोडलाच नव्हता!

आणि कुंड्यांचा प्रयोग करायची परवानगी मिळाली. एकाच रानाची माती चाळून, मिसळून, काही कुंड्यांत साधा युरिया, काहींत नीम कोटेड, काहींत काहीच नाही. दर चार दिवसांनी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजायचं आणि दोन्ही जिवाणूंची संख्या थेट, टक्क्यांत नाही. आकडेमोडताई, किती कुंड्या घेऊ?

अडचण एकच. साधा, निंबोळी न लावलेला युरिया बाजारात मिळत नाही. प्रयोगशाळेतल्या शुद्ध युरियाची बाटली मागवलीय.

---

आकडेमोड

प्रत्येक प्रकाराच्या निदान आठ. आणि कुंड्या ओळीने प्रकारवार मांडू नका, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा. नाहीतर खिडकीकडच्या आठही कुंड्या नीमच्या निघतील आणि तुम्ही उन्हाचा निकाल निंबोळीच्या नावावर लिहाल.

---

खोडवा

माती माझ्याकडून ने. लागण करायच्या आधी ये, पाळी घातली की मग सगळं हललेलं असतं. आणि मागच्या वेळी कुणाच्या रानातून काढलीस माहीत नाही, पण माझ्या बांधाला गिरमिट लावायचं नाही. शेजाऱ्याशी त्याच बांधावरून तारीख चालू आहे.